एकदाच वापरलेला तंबू

‘एकदाच वापरलेला’ असं जाहिरातीत लिहिलं होतं, आणि ती नेमकी त्याच शब्दांवर अडून बसली.

“एकदाच का पण?” गाडीत बसल्या बसल्या तिने नवऱ्याला विचारलं. “माणसं एवढ्या हौसेने तंबू घेतात आणि एकदाच वापरतात? त्या एकदा असं झालं तरी काय?”

“काय होणार? आत झोपले, सकाळी उठले, घरी आले.” नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी दाराबाहेरून गप्पा मारत राहणं हा त्याच्या कामाचाच भाग होता, आणि बायकोशीही तो साधारण त्याच आवाजात बोलायचा. “आपली ती व्यायामाची सायकल बघ. तीही एकदाच वापरलेली आहे. तिच्यावर काय खून पडला होता का?”

मागच्या सीटवर भुंगी खिदळली.

भुंगी म्हणजे त्यांची मुलगी. हे नाव बापाने ठेवलेलं. अंगावर पिताना ती बारीक आवाजात गुणगुणायची, तेव्हा सगळ्यांना त्याचं केवढं कौतुक होतं. पुढे दम्याचं निदान झालं, आणि तशीच गुणगुण तिच्या छातीतून यायला लागली. तेव्हापासून आईने ते नाव टाकलं. ती ‘बाळा’ म्हणायची, फार तर ‘अगं ए’ म्हणायची. बाप मात्र ‘भुंगी’ला चिकटून होता. घरात दमा हा शब्द कोणी उच्चारत नसे. ‘वाजतंय का?’ एवढंच विचारायचं. रोज संध्याकाळी भुंगी पाठ करून उभी राहायची, आई तिच्या फ्रॉकवर कान टेकवायची, आणि स्वयंपाकघरातून बाप विचारायचा, “काय, वाजतंय?” “नाही.” “मग वाढा.”

लिफ्टवाल्या मंडळींची दर वर्षी तळ्याकाठी सहल असे. एक रात्र तंबूत, सगळी कच्चीबच्ची बरोबर. हे तिघं कधीच गेले नव्हते. कधी गारठा आड आला, कधी धूळ, कधी आईची नुसती शंका. भुंगी मग सोमवारी बाबांच्या मोबाइलवर इतरांचे फोटो बघायची आणि कोण कोणाशेजारी झोपलं ते विचारून घ्यायची. या वर्षी डॉक्टरबाईंनीच विषय मिटवला. “छाती स्वच्छ आहे. जाऊ द्या तिला. पंप जवळ ठेवा, आणि पोरीबरोबर स्वतःलाही जरा मोकळं सोडा.”

आईने मग भुंगीसमोरच अट घातली : सहलीपर्यंत एकदाही वाजलं नाही, तर जायचं.

भुंगीने अशी काही गंभीर मान हलवली, की बापाला हसू आवरेना. “बघ हं, मोठ्या माणसांनी केलेला करार आहे हा,” तो म्हणाला. भुंगीने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती आईकडे बघत होती.

नवा तंबू घ्यायला ते दुकानात जाऊनही आले होते. पण तिथे रबराचा आणि रंगाचा असा काही भपकारा होता, की आईने भुंगीचा हात धरून तिला तशीच बाहेर काढली. जुनाच बघू, ती म्हणाली. वारा लागलेला, वास उडालेला. म्हणून आज ही वरात निघाली होती.

विकणारे गृहस्थ म्हणजे पोहण्याच्या तलावावरचे निवृत्त मास्तर. पोट सुटलेलं, पण खांदे अजून पाण्यातले. त्यांनी पिशवी दारातच काढून ठेवली होती.

“एकदाच वापरलाय,” ते म्हणाले.

“का?” तिने विचारलं.

नवऱ्याने छताकडे बघितलं.

“ताई, एका रात्रीत कळलं की आम्हाला दोघांना एका तंबूत झोपता येत नाही. हिचं घोरणं म्हणजे…”

“माझं?” आतून आवाज आला. “सांगा, सांगा! शेजारच्या तंबूतले लोक उठून कोणाला हलवायला आले होते तेही सांगा!”

“बघा,” मास्तर म्हणाले, “आता भिंतीआडसुद्धा झोपता येत नाही.”

सगळे हसले. तीही हसली, पण हसता हसताच तिने पिशवीची दोरी सैल केली, तोंड आत घातलं आणि खोल श्वास घेतला. नवरा कानात पुटपुटला, “अगं, कलिंगड आहे का ते?” वास ओलसर होता. बंद कपाटाचा. किंवा तिला तसा वाटला. नाही म्हणावं तर भुंगीने पिशवीला एव्हाना दोन्ही हातांनी मिठी मारली होती.

घरी आल्यावर बापलेकींनी सोफा भिंतीला लावला, टीपॉय उभा केला आणि बैठकीच्या खोलीत तंबू ठोकला. खुंट्यांऐवजी खुर्च्यांचे पाय. वर पाणी अडवणारं हिरवं कव्हर, आत फिकट पिवळ्या कापडाची खोली. भुंगी आत शिरली आणि उताणी पडून म्हणाली, “आई, इथे वेगळाच दिवस आहे.”

आई कौतुकाने वाकून आत आली. तिने वर बघितलं.

छतावर काळे ठिपके होते. बारीक, विखुरलेले, मधूनच दाट.

“बाळा, बाहेर ये.”

“आत्ताच तर…”

“बाहेर ये म्हणते ना!”

तिने वनस्पतिशास्त्रात पदवी घेतलेली होती. कॉलेजातलं भिंग शिवणाच्या डब्यात अजून जपून ठेवलेलं होतं. ते घेऊन ती तंबूत उताणी पडली. भिंगाखाली ठिपक्यांच्या कडा साफ दिसत होत्या. तंतू कुठेच नव्हते. तंतू नाहीत तर ती बुरशी नाही, एवढं तिला प्रयोगशाळेत घोटून शिकवलेलं होतं. पण शिकवणाऱ्या बाईंना दम्याचं लेकरू नव्हतं. कोवळी असेल, अजून तंतू फुटायचे असतील, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

“अगं, शाई असेल,” नवरा बाहेरून म्हणाला.

“तंबूच्या छताला शाई कोण लावेल?”

“आणि बुरशी एवढी टापटिपीने उगवेल?”

“तुला नाही कळायचं त्यातलं.”

“बरं बाई. मी लिफ्टवाला माणूस.” तो चिडला नव्हता. तो चिडतच नसे, आणि तिला वाटायचं, कधीतरी याने चिडावं. मग निदान दोघांपैकी घाबरलेली आपण एकटीच आहोत, असं तरी तिला वाटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी भुंगीला शाळेत सोडून ती तंबू घेऊन गच्चीवर गेली. डाग फक्त आतल्या कापडाला होते, पण बुरशीचे बीजाणू काही कापड बघून बसत नाहीत, म्हणून तिने हिरवं कव्हरही घेतलं. धुण्याआधी तिने सूचना वाचल्या नाहीत असं मात्र नाही. ती प्रत्येक गोष्टीच्या सूचना वाचायची, औषधांच्या तर दोनदा. कव्हरच्या शिवणीत एक पांढरी पट्टी होती. तिच्यावरची अक्षरं पुसट झाली होती, चित्रं तेवढी उरली होती. एक टोपलं, त्यात हात. म्हणजे हाताने धुवा. पाणी किती गरम ते सांगणारा टोपल्यातला ठिपका विरून गेला होता की मुळातच नव्हता, हे काही कळेना. आणि त्याच्या पुढे एक त्रिकोण, त्यावर काट.

त्रिकोण म्हणजे तंबू. त्यावर काट म्हणजे तंबू उभा असताना धुऊ नका. सरळच होतं. ‘उभा ठेवून कोण धुतंय,’ ती स्वतःशीच हसली, आणि तिने टबात कढत पाणी ओतलं. मग ब्लीचची बाटली उपडी केली, आणि मनाचं समाधान होईना म्हणून वर जंतुनाशक.

डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती घासत होती. ठिपके हट्टी होते, पण ती त्यांच्याहून हट्टी. आधी ते तपकिरी झाले, मग फिके, मग त्यांच्या जागी नुसती आठवण राहिली. कव्हरही तिने आतून बाहेरून ब्रशने खरवडून काढलं. दुपारी दोन्ही कापडं दोरीवर फडफडायला लागली तेव्हा तिचे हात लालबुंद झाले होते आणि मन कित्येक महिन्यांत झालं नव्हतं एवढं हलकं झालं होतं. काहीतरी समोर दिसत होतं, ते तिने हाताने पुसून टाकलं होतं. छातीतलं काही असं हाती लागत नाही.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर भुंगी खेळायला म्हणून गेली ती बराच वेळ आली नाही. आई गच्चीच्या जिन्यावर पोचली तेव्हा वरून आवाज येत होता, “बर्फ! बर्फ!”

हिरव्या कव्हरखाली भुंगी उभी होती. दोन्ही मुठींत कापड धरून झाडत होती, आणि कव्हरच्या आतल्या बाजूने पाणी अडवणाऱ्या लेपाचे पांढरे पापुद्रे सुटून तिच्यावर पडत होते. केसांत, भुवयांवर, गळ्यात. बारीक भुकटी उन्हात तरंगत होती. उन्हाने भाजलेल्या पाठीचं कातडं सुटावं तसं ते कापड सुटत होतं. आईने हात लावला तर ते बोटांना चिकटलं.

“आई, तू याच्यात बर्फ घातलास?”

तिने भुंगीला उचललं, खाली आणलं, डोक्यावरून आंघोळ घातली, नाक धुतलं, कान धुतले. मग टॉवेलमध्ये गुंडाळून पाठीला कान लावला. काही वाजत नव्हतं. थोड्या वेळाने पुन्हा लावला. नव्हतं वाजत. तिचा जीव भांड्यात पडला, पण भांडं जागेवर राहिना.

नवऱ्याने संध्याकाळी कव्हर दिव्यासमोर धरलं. जागोजागी उजेड आरपार येत होता.

“गरम पाण्यात घातलंस?”

“कोमट,” ती म्हणाली.

त्याने तिच्या हातांकडे बघितलं. “हरकत नाही,” तो म्हणाला, “वरून प्लास्टिकचा कागद टाकू. आपला तंबू जरा भाजीवाल्याच्या गाडीसारखा दिसेल. ओळखायला सोपा.”

आतलं कापड किती पाणी अडवेल हे विचारायला त्याने मास्तरांना फोन लावला आणि बोलता बोलता फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

“डाग? कसले डाग?” मास्तर म्हणाले. “अहो, ते तारे! आमची नात होती ना बरोबर. रात्रभर धो धो पाऊस, पोरीला एक तारा दिसला नाही. मग हिने तिला काळं पेन दिलं, की बाई, तूच काढ. पडल्या पडल्या काढत बसली. आमचं घोरणं चालू आणि नातीचं आकाश चालू. आहे ना अजून?”

नवरा बायकोकडे बघत राहिला.

“आहे, आहे,” तो म्हणाला. “छान आहे.”

फोन ठेवल्यावर भुंगीने विचारलं, “कुठे आहेत तारे?” आई कव्हरची घडी घालायला लागली, आणि भुंगी उठून आपल्या खोलीत गेली.

त्यानंतरच्या दिवसांत भुंगी गुणगुणायला लागली. दप्तर भरताना, दात घासताना, जिना चढताना तर हमखास. सूर असा नव्हताच त्याला, नुसतं लांबलचक ‘ऊं’. संध्याकाळी आई पाठीला कान लावायची तेव्हाही तिचं चालूच असे.

“बघ,” नवरा म्हणाला, “माझी भुंगी परत आली. खुशीत आहे स्वारी.”

आईलाही तसंच वाटलं. निदान तसं वाटायला तिची हरकत नव्हती. गाण्याच्या आवाजात बाकी काही ऐकू यायचं नाही, आणि ऐकू आलं नाही की ती म्हणायची, “नाही वाजत.” कानाशी एवढी ढिलाई तिने जन्मात केली नव्हती. डॉक्टरबाईंनी सांगितलंय ना, मोकळं सोडा. सोडतेय मी, असं ती स्वतःला बजावायची.

सहलीची सकाळ उजाडली. खाली नवऱ्याच्या जोडीदारांची गाडी येऊन थांबली होती, हॉर्न वाजत होता. नवरा तंबूची पिशवी, प्लास्टिकचा कागद, पांघरुणं असा सगळा बारदाना दारात रचत होता. “वहिनी, चला, तळं आटेल!” खालून कोणीतरी ओरडलं.

“सकाळी तिकडे गारठा असेल,” आई म्हणाली आणि भुंगीचा स्वेटर उलटा होता तो सुलटा करायला लागली.

स्वेटरच्या आतल्या शिवणीत एक पांढरी पट्टी होती. टोपलं, त्यात हात. पुढे त्रिकोण, त्यावर काट.

ती बघतच राहिली. स्वेटरला कसला तंबू?

तिने भुंगीची टोपी उलटी केली. त्रिकोण, त्यावर काट. स्वतःच्या ओढणीची पट्टी शोधली. तिथेही तोच. घरातल्या निम्म्या कपड्यांवर तो त्रिकोण इतकी वर्षं तिच्या हातांखालून जात होता. त्याचा अर्थ काय असणार, हे कळायला आता तिला ना पदवी लागत होती ना भिंग. तिला गच्चीवरचा तो ब्लीचचा वास पुन्हा नाकात भरल्यासारखा झाला.

“आई, घाल ना लवकर.” भुंगी हात वर करून उभी होती. आणि गुणगुणत होती.

तिने स्वेटर तिच्या डोक्यातून घातला, वर टोपी चढवली. मग सवयीने पाठीला कान लावला. ऊं, ऊं, ऊं.

“जरा थांब गाणं.”

भुंगीने आवाज वाढवला.

“थांब म्हटलं ना बाळा.”

“चालतानाचं गाणं आहे हे. थांबवायचं नसतं.”

गाणं मधेच तुटत होतं. श्वास घ्यायला तुटावं त्याच्यापेक्षा जरा जास्तच वेळा. आईने तळहात तिच्या छातीवर ठेवला. गाण्याच्या खाली, हाताला, दुसरंच काहीतरी थरथरत होतं.

“भुंगी,” ती म्हणाली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. “गप्प हो.”

आपलं नाव आईच्या तोंडून ऐकून पोरगी चपापली आणि गप्प झाली.

खोलीत काही क्षण दुसरा कसलाच आवाज नव्हता, म्हणून तो आवाज स्वच्छ ऐकू आला. कान लावायचीही गरज पडली नाही. बारीक शिट्टी, मग घरघर, मग पुन्हा शिट्टी.

“ते गाणंच आहे,” भुंगी घाईने म्हणाली. “आतमध्ये राहिलंय थोडं.”

“कधीपासून?”

भुंगीने बुटाच्या टोकाने फरशी घासली.

“बर्फापासून?”

तिने मान खाली घालूनच हलवली.

नवरा दारातून आत आला. “काय झालं? वाजतंय?” त्याने पोरीच्या तोंडाकडे बघितलं, मग बायकोच्या, आणि खांद्यावरची पिशवी हळूच खाली ठेवली. पिशवीच्या तोंडातून पांढरी भुकटी उंबऱ्यावर सांडली. “पंप दे तिला. जरा वेळ बघू. उतरतं कधी कधी.”

आईने पंप काढला, हलवला, नळी लावली. भुंगीने शहाण्यासारखी नळी तोंडात धरली. हे सगळं तिला झोपेतही करता आलं असतं. आई नेहमी तिच्याबरोबर आकडे मोजायची. आज भुंगीने स्वतःच बोटांवर मोजले.

“मी आत गेले ना, म्हणून झालं,” नळी काढून ती म्हणाली. “मीच झाडला बर्फ.”

“नाही गं.” आई तिच्यासमोर जमिनीवर बसली. “तुझी काही चूक नाही. माझी आहे. मी चुकीचं धुतलं. ते तारे होते, मला बुरशी वाटली. सगळी माझी चूक.”

भुंगीने हे नीट ऐकून घेतलं. विचार केला. तिचा चेहरा एकदम उजळला.

“मग अट मी नाही मोडली.”

“नाही.”

“मग जाऊया ना?”

आईने तोंड उघडलं. हो म्हणायला आणि नाही म्हणायला तोंड सारखंच उघडावं लागतं, तेवढंच तिला जमलं. हो म्हणावं तर तळ्याकाठचा तो गारठा, ते सोलपटलेलं कापड आणि त्याखाली ही छाती. नाही म्हणावं तर करार पाळणाऱ्यालाच शिक्षा. तिने नवऱ्याकडे बघितलं. अडकलेल्या माणसांशी दाराबाहेरून बोलणारा तो माणूस आज पिशवीची दोरी आवळत होता.

खाली हॉर्न वाजला. आणि पुन्हा वाजला.

नवरा खिडकीत गेला. “तुम्ही व्हा पुढे,” त्याने खाली सांगितलं. “आम्ही बघतो. जमलं तर येतो मागून.”

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग पोरांचा गलका, मग गलका कोपऱ्यावरून वळला. ‘मागून’चा अर्थ या घरात काय होतो हे भुंगीला ठाऊक होतं. ती रडली नाही. तिने टोपी काढली, घडी घालून स्वेटरच्या खिशात ठेवली, आणि आईकडे बघितलं. आई ओठ घट्ट मिटून बसली होती. खांदे हलत होते, नाकातून श्वास तुटत तुटत येत होता.

भुंगी तिच्या मागे गेली. खाली बसली. आईच्या पाठीवर कान टेकवून, डोळे मिटून, तिने अगदी आईसारखं, नीट, बराच वेळ ऐकलं.

“बाबा,” ती म्हणाली, “आईचं पण वाजतंय.”